जंगल परत आणण्याचे शिक्षण



वसतिगृहात गेले की मुले-मुली हमखास विचारतात, "ताई, तुम्ही नक्की काय शिकलात? फॉरेस्टवाल्या झालात का?" पालकांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. "जंगल शिकायला शहरात कशाला जायचे? ते तर घरामागेच आहे." दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोन्हींचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे, म्हणजे यंदा बारावीला असलेल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना उपयोग होईल, म्हणून हा लेख.

मी गडचिरोली जिल्ह्यातील एका लहान गावची. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केले आणि पुढे एम.एस्सी.ला संवर्धन व परिसंस्था पुनरुज्जीवन हा विषय घेतला. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे. झाडे, गवत, किडे, पाखरे, जनावरे, माती, पाणी आणि माणूस यांचे मिळून जे एकमेकांवर चालणारे घर असते, त्याला परिसंस्था म्हणतात. ते घर शाबूत असेल तर ते राखायचे, हे संवर्धन. ते मोडले असेल तर पुन्हा उभे राहायला त्याला मदत करायची, हे पुनरुज्जीवन.

यात 'मदत' हा शब्द महत्त्वाचा आहे. हाड मोडले तर गावचा वैदू ते जुळवून बांधतो. पण हाड सांधण्याचे काम शरीरच करते. वैदूचे काम एवढेच, की हाड जागेवर बसवायचे, पुन्हा धक्का लागू द्यायचा नाही आणि वाट पाहायची. जंगलाचेही तसेच आहे. जंगल आपण बनवत नाही. ते कशामुळे अडले आहे हे शोधून तो अडथळा आपण काढतो.

वर्गात काय शिकवतात?

पहिले काम मोजण्याचे. जंगलात दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा दोरीचा चौकोन आखायचा. त्यातल्या प्रत्येक झाडाचे नाव लिहायचे आणि छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, खोडाचा घेर मोजायचा. त्याच चौकोनात एक मीटरचे छोटे चौकोन आखून त्यातली रोपे आणि गवत मोजायचे. असे चौकोन जंगलभर ठिकठिकाणी घ्यायचे. ते आपल्याला सोयीच्या जागी घ्यायचे नाहीत, नाहीतर उत्तर खोटे येते. मग माती, पाण्याचा निचरा, बिया कोण पसरवते, फुलांवर कोणते किडे येतात, आणि या सगळ्या आकड्यांचा अर्थ लावायला संख्याशास्त्र.

या मोजणीतून काय कळते ते मोहाच्या उदाहरणाने सांगते. गावाची जनगणना केली तर लहान मुले, तरुण आणि म्हातारे अशा सर्व वयाची माणसे सापडतात. निरोगी जंगलातही तसेच असते. रोपे पुष्कळ, मधली झाडे त्याहून कमी, मोठी झाडे थोडी. आमच्या भागात बायांना सोबत घेऊन मोहाची अशी मोजणी केली, तेव्हा मोठे मोह दिसले, पण त्यांच्याखाली बोटाएवढी रोपे शोधूनही सापडेनात. ज्या गावात सगळे आजी-आजोबा आहेत आणि अंगणवाडी ओस पडली आहे, त्या गावासारखे ते जंगल होते. आज फुले भरपूर पडतात, म्हणून कोणाला काळजी वाटत नाही. आजचे मोह वठले की काय, हा प्रश्न मोजल्याशिवाय पुढे येत नाही.

कारण गावातच आहे. मार्च-एप्रिलमध्ये फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. त्यात रोपे जळतात. पुढे टोळ गळतात, तेही तेलासाठी वेचले जातात. उरलेसुरले गुरे खातात. यात कोणाचा अडाणीपणा नाही. पहाटे अंधारात टोपली घेऊन निघणाऱ्या बाईचे श्रम आणि वेळ त्या आगीमुळे वाचतो. म्हणून "आग लावू नका" असा फलक लावून काम होत नाही. फुले झेलायला झाडाखाली जाळी बांधणे, पाला पेटवण्याऐवजी झाडून बाजूला करणे, दरवर्षी काही झाडांखालचे टोळ तसेच राहू देणे, उगवलेल्या रोपाभोवती काट्यांचे कुंपण घालणे, असे उपाय आहेत. त्यातला कोणता झेपेल हे वेचणाऱ्या बायांनीच ठरवायचे असते. आज जगवलेल्या रोपाला फुले यायला आठ-दहा वर्षे लागतात, म्हणून उशीर परवडत नाही.

आग शत्रू की औषध?

मोहाखालची आग वाईट, म्हणून सगळीकडची आग वाईट, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. या शास्त्राची सुरुवातच आगीच्या धड्याने झाली, असे म्हटले तरी चालेल. अमेरिकेत मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९३० च्या दशकात जुन्या शेतजमिनीवर तिथले मूळ गवताळ रान परत आणण्याचा प्रयोग सुरू केला. आल्डो लिओपोल्ड हे नामवंत निसर्ग अभ्यासक त्यात होते. गवताची मुळे आणि बिया आणून लावल्या, पण बाहेरून आलेले गवत हटेना. १९४० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी ठरावीक काळाने ते रान जाळून पाहिले. मूळ गवत जोमाने वाढले आणि उपरे मागे पडले. तिथले मूळ रहिवासी पूर्वीपासून गवत पेटवत असत. ती आग थांबली, हेच रान बिघडण्याचे एक कारण होते.

आपल्या देशातले उदाहरण कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांचे आहे. तिथे सोलिगा आदिवासी राहतात. उन्हाळा तापण्याआधी, पाला थोडाच वाळलेला असताना ते जमिनीलगत हलकी आग लावत. त्यांच्या भाषेत तिला 'तरगु बेंकी' म्हणतात, म्हणजे पाचोळ्याची आग. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि पुढे आग लावण्यावर बंदी आली. त्यानंतर जंगलात घाणेरी माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढले. सोलिगा वडीलधारे सांगत राहिले, की आमची आग घाणेरीची रोपे आणि बांडगूळ आवरून धरत होती. बंगळुरूच्या 'एट्री' संस्थेच्या संशोधकांनी सोलिगांसोबत काम करून हे म्हणणे तपासले आणि शास्त्रीय नियतकालिकांत मांडले. मगच बाहेरच्यांनी ते गंभीरपणे घेतले.

वर्गात हा पाठ झाला तेव्हा माझ्या मनात एकच विचार आला. त्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे पहिल्या दिवशीच कागदावर मांडू शकेल असा एखादा सोलिगा विद्यार्थी तेव्हा विद्यापीठात असता, तर इतकी वर्षे वाया गेली नसती. आपल्या मुलांनी हा विषय का शिकावा, याचे माझे उत्तर हे आहे.

आगीबद्दल सांगायचे तर कोणत्या जागी, कोणत्या महिन्यात, किती वर्षांनी आणि कशासाठी, एवढे चार प्रश्न विचारल्याशिवाय ती चांगली की वाईट हे सांगता येत नाही. मोहाखाली दर वर्षी लागणारी आग आणि सोलिगांची हलकी आग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रायमुनिया आणि बेशरम

घाणेरीला आमच्याकडे रायमुनिया म्हणतात. ती मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणली गेली आणि बागेतून निसटून जंगलात शिरली. ती वाढली की खाली गवत उगवत नाही, गुरांना आणि हरणांना चारा मिळत नाही, तेंदू-चाराची रोपे दबून जातात.

रोजगार हमीतून ती कापल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. पुढच्या पावसात ती पुन्हा फुटते. कारण जमिनीच्या किंचित खाली, जिथे खोड संपून मूळ सुरू होते, तिथे फुटव्याचे डोळे असतात. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक साधी पद्धत बसवली. झुडूप वरून कापायचे नाही. कुदळीने त्या जोडाच्या खाली, जमिनीत तीन-चार बोटे खोल, मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उचलून उलटे ठेवायचे. मुळे आभाळाकडे राहिली की ती वाळतात. यंत्र नको, विषारी औषध नको. हे काम फळे धरण्याआधी करायचे.

पण काम इथे संपत नाही. रायमुनियाची फळे पाखरे खातात आणि मोठ्या झाडांवर बसून बिया टाकतात. म्हणून पुढची काही वर्षे त्या झाडांखालची नवी रोपे उपटत राहावी लागतात. मोकळ्या झालेल्या जागेवर लगेच स्थानिक गवत वा बांबू वाढला नाही, तर रानतुळस किंवा तरोटा ती जागा घेतो. बहुतेक योजना पहिल्या वर्षाच्या मजुरीवर संपतात, आणि जंगल तिसऱ्या वर्षी पुन्हा आधीसारखे होते.

पाण्यातही हाच धडा मिळतो. भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांत बेशरम माजली, गाळ साचला आणि स्थानिक मासे कमी झाले. तिथल्या ढीवर समाजाच्या मासेमारांनी आणि अभ्यासकांनी मिळून काही तलावांत बेशरम उपटली, तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती आणून लावल्या. वनस्पती आल्या तेव्हा माशांना खाद्य आणि अंडी घालायला आसरा मिळाला, आणि मासे वाढले. नुसते मत्स्यबीज सोडून हे झाले नसते. आधी घर, मग घरातली माणसे, हा क्रम आहे.

क्रमाबरोबर जागाही ओळखावी लागते. प्रत्येक मोकळी जमीन पडीक नसते. माळरान ही स्वतंत्र परिसंस्था आहे. तिथे गवत, लांडगा, तणमोर आणि मेंढपाळ यांचे जग असते. अशा माळावर खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे उपकार नव्हे, मोडतोड आहे. वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरवण्याआधी "इथे पूर्वी काय होते?" हा प्रश्न विचारायला हा अभ्यासक्रम शिकवतो.

पूर्वी काय होते, हे कोण सांगणार?

शास्त्राच्या भाषेत याला संदर्भ परिसंस्था म्हणतात. मोडलेले जंगल कोणत्या रूपाकडे न्यायचे, त्याचा तो नमुना. तो नमुना मिळवायला जुने नकाशे, शिल्लक राहिलेली देवराई, मातीतल्या बिया यांचा उपयोग होतो. पण आपल्या भागात सर्वांत मोठी नोंदवही म्हणजे सत्तरीच्या पुढची माणसे. कोणत्या नाल्यात बारमाही पाणी होते, कोणते कंद कोणत्या उतारावर मिळत, कोणते गवत छपराला आणि कोणते झाडूला, हे त्यांना तोंडपाठ आहे. ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि नातवंडांना गवताची नावे येत नाहीत. मलाही अनेक गवतांची शास्त्रीय नावे आधी आली आणि आमच्या बोलीतली नावे नंतर, आजीकडून.

नमुना कोणी ठरवायचा, हा प्रश्न आता कायद्याचाही आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१)(झ) ने, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ३(१)(आय) ने, गावाला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. मी विद्यापीठात जे शिकले ते जवळजवळ याच चार शब्दांत बसते. पुढे २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीने त्या वनाचा संवर्धन व व्यवस्थापन आराखडा तयार करायचा असतो.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाने आपल्याच वाहतूक परवान्यावर बांबू विकला. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर उजाड टेकडीवर झाडोरा परत आणला आणि सीताफळांची सामूहिक विक्री सुरू केली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूपाने तोडणे बंद करण्याचा ठराव केला. पानांसाठी झाडे छाटली जातात, आगी लागतात, फळे मिळत नाहीत, हे गावाने स्वतः पाहिले होते. तेंदूचा हंगाम म्हणजे हाती रोख पैसा. तो सोडणे सोपे नव्हते. कोणत्याही बाहेरच्या तज्ज्ञाला असा ठराव गावावर लादता आला नसता, आणि लादायलाही नको.

पण सर्वच गावांची स्थिती अशी नाही. हक्काचा कागद हाती आला आणि आराखडा मात्र कपाटात राहिला, किंवा एका गावाचा आराखडा नाव बदलून दुसऱ्या गावाला चिकटवला गेला, असे प्रकार घडतात. जंगल मोजता येणारे आणि गावाच्या बोलीत ते समजावून सांगता येणारे माणूस गावात नसेल, तर हक्क गावाचा आणि निर्णय दुसऱ्याचा, अशी गत होते. मग मोह-चार-तेंदूच्या मिश्र रानाच्या जागी पुन्हा एकसारख्या सागाच्या रांगा उभ्या राहतात.

या शिक्षणाची वाट

आता विद्यार्थ्यांसाठी थोडी माहिती. बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, हा पाया. त्यानंतर वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घेऊन बी.एस्सी. करता येते. वनशास्त्राची चार वर्षांची पदवी दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांच्या वनशास्त्र महाविद्यालयांत मिळते, तिला सीईटी द्यावी लागते. एम.एस्सी.साठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, पुण्यातील भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था अशी ठिकाणे आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना २०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ जवळ आहे.

पैशाच्या बाबतीत अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेतून जेवण व राहण्याचा खर्च थेट बँक खात्यात येतो. पीएच.डी.साठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप दरवर्षी ७५० विद्यार्थ्यांना मिळते, आणि परदेशी शिक्षणासाठी दरवर्षी २० जागांची वेगळी शिष्यवृत्ती आहे. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. त्याअभावी प्रवेश अडलेले विद्यार्थी दरवर्षी दिसतात.

दोन अडचणी आधीच सांगून ठेवते. पहिली इंग्रजीची. पुस्तके इंग्रजीत आहेत आणि पहिले सहा महिने जड जातात. प्रत्येक नव्या शब्दापुढे आपल्या बोलीतले उदाहरण लिहून ठेवण्याची सवय मला उपयोगी पडली. दुसरी अडचण नोकरीची. वनरक्षक भरती आणि लोकसेवा आयोगाची वनसेवा परीक्षा आहे, पण जागा मोजक्या असतात. संस्थांमधली कामे बरीचशी दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांची असतात. पगार बेताचा असतो आणि कधी खंड पडतो. ज्या घराला मुलाच्या पगाराची तातडीने गरज आहे, त्या घराने हा हिशेब आधी करावा. आता काही ग्रामसभा बांबू आणि तेंदूच्या उत्पन्नातून स्वतःची माणसे मानधनावर नेमू लागल्या आहेत. ती वाट रुंदावली तर या शिक्षणाला गावातच काम मिळेल.

वाचकांना विनंती

आपण सर्वजण दरवर्षी वसतिगृहांना वह्या, कपडे, धान्य देता. यंदा आणखी एका साध्या गोष्टीसाठी हात पुढे करावा. प्रत्येक वसतिगृहाला एक मोजपट्टी, पन्नास मीटर दोरी, एक जाड वही आणि पाने दाबून ठेवायला जुनी वर्तमानपत्रे द्यावीत. पावसाळ्याआधी मुलांनी आवारात किंवा जवळच्या रानात दहा मीटरचा एक चौकोन आखावा आणि त्याच जागी दरवर्षी मोजणी करावी. सुट्टीत गावी गेल्यावर प्रत्येकाने आजी-आजोबांकडून दहा गवतांची आणि दहा कंदांची नावे, ती कुठे मिळत आणि आता मिळतात का, हे लिहून आणावे. नाव बोलीतलेच लिहावे. शास्त्रीय नाव शोधायला आम्ही मदत करू.

पाच वर्षांनी त्या वहीत जे असेल, ते कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. ग्रामसभा आपला आराखडा लिहायला बसेल तेव्हा ती वही समोर असावी, आणि ती वाचून दाखवणारी मुलगी त्याच गावची असावी.